सूत्रं पाठ आहेत, तरी गणित सुटत नाही

प्रश्न : मी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. अर्थशास्त्र आणि वित्त हे विषय आवडीने घेतले. थिअरी समजते, सूत्रं पाठ आहेत, सोडवलेली उदाहरणं वाचली की कळतात. पण नवं गणित समोर आलं की कोणतं सूत्र लावायचं तेच सुचत नाही. फायनान्समध्ये करिअर करायचं ठरवलं होतं. आता विषय बदलावा का?

उत्तर : ‘सोडवलेली उदाहरणं वाचली की कळतात’ या वाक्यापाशी मी थांबलो. कळणारच! पुढची पायरी कोणती, हे तिथे आधीच कुणीतरी ठरवून दिलेलं असतं. परीक्षेत नेमकं तेवढंच तुला ठरवायचं असतं आणि त्याचाच सराव झालेला नसतो.

एक गणित घे. आज १,२०० गुंतवायचे, पुढची तीन वर्षं दर वर्षाच्या शेवटी ५०० परत येणार, व्याजदर १० टक्के. गुंतवावे का? सूत्र आठवत बसू नकोस. कागदावर आडवी रेघ ओढ आणि तिच्यावर ०, १, २, ३ अशा खुणा कर. शून्याखाली उणे १,२०० लिही, बाकी तिन्ही खुणांखाली ५००. आता एकेक ५०० उचलून शून्यापाशी आण. जितकी वर्षं मागे यायचं, तितक्यांदा १.१ ने भाग : ४५४.५५, ४१३.२२, ३७५.६६. बेरीज १,२४३.४३. त्यातून १,२०० गेले, उरले ४३.४३. हेच निव्वळ वर्तमान मूल्य, इंग्रजीत एनपीव्ही. ते धन आहे, म्हणजे गुंतवायला हरकत नाही.

आता ‘शेवटी’च्या जागी ‘सुरुवातीला’ एवढा एकच शब्द बदल. सूत्र पाठ करणारे इथेच फसतात. तू मात्र तिन्ही ५०० एकेक घर डावीकडे सरकवशील, पहिले ५०० थेट शून्यावर येतील आणि बेरीज होईल १,३६७.७७. नवं सूत्र लागलंच नाही.

ही रेघ बाळबोध वाटेल, पण नोकरीतही तीच उपयोगी पडते. एक्सेलमधलं एनपीव्ही फंक्शन पहिली रक्कम पहिल्या कालखंडाच्या शेवटी येते असं धरून चालतं. आजची गुंतवणूकही त्याच्या कंसात टाकली, तर वरच्या गणिताचं उत्तर ४३.४३ ऐवजी ३९.४८ येतं. स्क्रीनवर ते अगदी बरोबर असल्यासारखं दिसतं. पदवीधर माणसं हे सर्रास करतात (सुरुवातीला मीही केलंय). कोणता पैसा कोणत्या दिवशी हातात येतो हे न चुकता मांडणं हाच या क्षेत्रातल्या कामाचा मोठा भाग आहे. तू ज्याला तुझा कच्चा दुवा म्हणतेस तो सूत्रांचा नाही, मांडणीचा आहे.

अर्थशास्त्रातली अडचण थोडी वेगळी असते. मागणी = ४० − २ × किंमत असं समीकरण दिलं की मुलं आलेखाचा उतार उणे २ लिहून मोकळी होतात. पण अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांच्यामुळे रूढ झालेल्या पद्धतीत किंमत उभ्या अक्षावर असते, त्यामुळे कागदावर उतार दिसतो उणे अर्धा. गणिताच्या तासाला शिकलेली सवय इथे आड येते. लवचिकतेचंही, म्हणजे किंमत एक टक्का बदलली तर मागणी किती टक्के बदलते याचंही तसंच. किंमत १० वरून १२ झाली आणि मागणी १०० वरून ९० वर आली, तर लवचिकता ०.५. तोच प्रवास उलटा केला तर ०.६७. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त टक्केवारी काढताना पाया बदलला. दोन्ही आकड्यांची सरासरी पाया धरणारी मध्यबिंदू पद्धत त्यासाठीच आहे. तिने दोन्हीकडून ०.५८ च येतं.

आणि उत्तर आलं की लगेच पुढे जाऊ नकोस, आधी ते अंदाजाने पडताळ. ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात याचा अंदाज येतो. ८ टक्क्यांना साधारण ९ वर्षं. इटालियन गणितज्ञ लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये छापलेल्या ग्रंथातही हा नियम आहे, आणि कॅल्क्युलेटरवरची चूक पकडायला तो आजही पुरतो.

विषय बदलायचा निर्णय हे सत्र संपेपर्यंत लांबणीवर टाक. तोवर रोज दोनच गणितं कर, पण उत्तर झाकून, आणि पहिली ओळ तुझीच हवी. एक वेगळी वही घाल. गणित चुकलं की तिच्यात फक्त कारण लिही : वर्ष चुकलं, पाया चुकला, अक्ष चुकला, प्रश्नच नीट वाचला नाही. गणितं सुटायला लागल्यावरही कंटाळाच येत असेल, तर खुशाल विषय बदल, ते कारण खरं असेल. सत्र संपल्यावर त्या वहीची शेवटची चार पानं मला पाठव, मग पुढचं बोलू.