रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या 'पॉर्फिरियाज लव्हर' या कवितेतला प्रियकर वेडा आहे, की त्याचं खरंच प्रेम आहे?

वेडा म्हणून मोकळं होता येतं, आणि तशी सोय खुद्द ब्राउनिंगनेच करून ठेवली आहे. 1836 साली कविता मासिकात आली तेव्हा तिचं नाव नुसतं 'पॉर्फिरिया' होतं. 1842च्या 'ड्रॅमॅटिक लिरिक्स' या संग्रहात मात्र ती दुसऱ्या एका कवितेच्या जोडीने 'मॅडहाउस सेल्स', म्हणजे वेड्यांच्या इस्पितळातल्या कोठड्या, या मथळ्याखाली छापली गेली. पण तुम्ही उत्तरपत्रिकेत एवढंच लिहिलंत तर खरी गंमत राहून जाईल.

कविता परत वाचा आणि कोण काय करतंय तेवढंच बघा. बाहेर वादळ. पॉर्फिरिया प्रियकराकडे येते, दार लावते, विझत आलेली शेकोटी पेटवते, भिजलेला झगा आणि मळके हातमोजे उतरवते, त्याच्याशेजारी बसून हाक मारते. हा ओ देत नाही. मग तीच त्याचा हात उचलून आपल्या कमरेभोवती घालते, त्याचा गाल आपल्या उघड्या खांद्यावर टेकवते. हा नुसता ढिम्म. तिचं आपल्यावर प्रेम आहे याची खात्री पटते, तेव्हा कुठे हा हलतो, तोही तिच्याच केसांनी तिचा गळा आवळायला! म्हणजे पेपरात येतं तसलं हे एकतर्फी प्रेमही नाही. त्यानंतर पापण्या उघडणारा तो, गालाचं चुंबन घेणारा तो, आणि आता तिचं डोकं त्याच्या खांद्यावर. सगळं उलटं झालं. मला वाटतं, त्याला ती हवीच होती, फक्त स्वतःच्या मर्जीने उठून जाऊ शकणारी नको होती. तिला वेदना झाल्या नाहीत, असं तो लागोपाठ दोनदा सांगतो. विचारलं होतं कोणी?

जोडीला त्याच संग्रहातली, पुढे 'माय लास्ट डचेस' या नावाने गाजलेली कविता घ्या. तिथला फेराराचा ड्यूक, म्हणजे इटलीतल्या फेरारा शहराचा सरदार-राजा, मला जास्त भयंकर वाटतो, कारण तो पूर्ण शुद्धीवर आहे. बायको सगळ्यांकडेच बघून हसायची, एवढाच तिचा गुन्हा. त्याने हुकूम सोडला, हसणं थांबलं. आता तिच्या चित्रावर पडदा आहे आणि तो सारायचा हक्क फक्त त्याचा. हे तो ऐकवतो कोणाला, तर नव्या सोयरिकीसाठी आलेल्या दूताला, आणि त्याच दमात हुंड्याचंही बोलून घेतो. या ड्यूकमागे फेराराचा खराखुरा ड्यूक दुसरा अल्फोन्सो असावा असं मानतात. त्याची बायको लुक्रेझिया दे मेदिची 1561 मध्ये, अवघ्या सोळाव्या वर्षी वारली.

तुलनेचा प्रश्न आला तर या पडद्यापासूनच सुरुवात करा. प्रियकराकडे प्रेत आहे, ड्यूककडे चित्र. उठून जाण्याची मुभा दोघींनाही उरलेली नाही.