धक्क्यावर जाऊन उभी राहा

शहर सोडून बेटावर राहायला जाऊ का, असं विचारणारं तुझं पत्र काल दुपारी वाचलं, रात्री परत वाचलं आणि आज सकाळी फोटो मोजत बसले. सव्वीस निघाले. एकोणीस पुळणीचे, चार सूर्यास्ताचे, दोन तू बघितलेल्या घराचे आणि एक वाळूत रुतलेल्या तुझ्या पायांचा. धक्क्याचा एकही नाही. जिथं बोटीतून पहिलं पाऊल ठेवलंस आणि जिथून परतीला चढलीस, तिथं मोबाइल बाहेर काढावा असं तुला वाटलं नाही.

तुझ्या सगळ्या गोंधळाचं मूळ त्या न काढलेल्या फोटोत आहे असं म्हटलं, तर तू म्हणशील, झालं मावशीचं सुरू. झालं सुरू. ऐक.

सोबत पाठवलेला तक्ताही बघितला. जायची कारणं, न जायची कारणं, प्रत्येकाला दहापैकी गुण. इंटरनेट सात, डॉक्टर चार, आणि खाली ‘एकटेपणा’ असं लिहून गुणांच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह बघून तुझी इतकी माया आली म्हणून सांगू! आणि लगेच रागही आला. शहर सोडणं हा पळपुटेपणा का, आपल्यात तेवढी हिंमत आहे का, असलं काही मला विचारू नकोस. हिंमत आहे, ते आपल्या दोघींना ठाऊक आहे, त्यावर शाई घालवायची नाही.

झोप उडवली ती तुझ्या एका ओळीने. ‘तुमच्यामुळेच हे बेट डोक्यात आलं.’ मी तिथं सहा वर्षं राहिले आणि तुला जे सांगत आले ते सगळं खरं होतं. पण निवडून सांगितलेलं. उरलेलं आता सांगते.

किनारा बघून ठरवू नकोस. धक्का बघ. बोट लागायच्या वेळी तिथं जाऊन उभी राहा, हात मागे बांधून, निदान पंधरा दिवस.

बेटावर जे काही आहे ते त्या धक्क्यावरून आलंय. सिमेंटच्या गोण्या, सिलिंडर, बर्फाच्या डब्यातलं इन्सुलिन, परीक्षा देऊन आलेली पोरं, नवा मास्तर, रुसून गेलेलं आणि मुकाट परतलेलं माणूस. जातं तेही तिथूनच. आजारी माणूस तिथून जातो, कायमचं सोडून जाणाराही तिथूनच जातो. कोण कुणाची गोणी न सांगता खांद्यावर घेतं, कोण कुणाला बघून पाठ फिरवतं, कुणाचं सामान सगळे पांगल्यावरही तसंच पडून राहतं, हे अर्धा तास बघितलंस की त्या गावाची अख्खी वही वाचून होते. पुळणीवर काय कळणार? पुळणीवर सगळेच सुखी दिसतात.

मी त्या सहा वर्षांत धक्क्यावर जायचे ते स्वतःचं पार्सल आलं तर. बाकी वेळी तिथं बसणारी माणसं मला रिकामटेकडी वाटायची. लिहायला लाज वाटते, पण असंच वाटायचं.

आमचं घर पुळणीकडे तोंड करून होतं. तू बघितलेलंही त्याच रांगेतलं आहे, फोटोतल्या खिडकीवरून ओळखलं. त्या रांगेतल्या सगळ्या घरांची पाठ धक्क्याकडे. घर छान आहे, खोटं कशाला बोलू. पण वाळू कधी जागची नसते, एका हंगामात येते आणि दुसऱ्यात जाते. अमेरिकेत केप हॅटरसचं दीपगृह आहे. १८७० मध्ये ते बांधून झालं तेव्हा समुद्र दीड हजार फूट लांब होता. शंभर वर्षांत लाटा पायथ्याजवळ आल्या आणि शेवटी १९९९ मध्ये अख्खं दीपगृह उचलून २,९०० फूट आत नेऊन ठेवलं. त्यांच्याकडे यंत्रं होती, पैसा होता. तुझं घर कोण उचलणार आहे?

आता पाण्याचं. तक्त्यात ‘पाणी: बोअर आहे, ८/१०’ असं लिहिलंयस. तिथं गेल्या गेल्या माझा पहिला पराक्रम म्हणजे बोअरच. असल्या बेटाखालचं गोडं पाणी हा खाऱ्या पाण्यावर तरंगणारा एक थर असतो, भिंगासारखा मध्ये फुगीर आणि कडांना पातळ. गोडं पाणी हलकं, म्हणून ते वर राहतं. समुद्राच्या पातळीच्या वर ते हातभर असलं, तर खाली साधारण चाळीस हात असतं. केवढी चैन, वाटतं ना? पण हिशेब उलटाही चालतो. उपशाने वरची पातळी हातभर उतरली, की खालचं खारं पाणी हळूहळू चाळीस हात वर चढतं. मी खोल गेले, मोठा पंप बसवला आणि दोन वेळा बागेला पाणी सोडलं. दुसऱ्या उन्हाळ्यात शेजारच्या आजींची विहीर मचूळ झाली.

त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. घागर घेऊन वरच्या आळीतल्या विहिरीवर जायला लागल्या, रोज माझ्या फाटकासमोरून. मला वाटायचं, या वयात चालणं बरं म्हणून जातात. खरंच वाटायचं! धक्क्यावर दोन दिवस बसले असते, तर कुणीतरी म्हणालं असतं, बाई, एवढ्या खोल जाऊ नका. पण मी कागद बघितले. बोअर घ्यायला कुणाची मनाई नव्हती, सगळं रीतसर होतं. हे मी आजही सांगते, आणि सांगताना माझा आवाज चढतो, असं तुझ्या काकांचं म्हणणं आहे.

स्कॉटलंडमध्ये एग नावाचं बेट आहे. तिथल्या रहिवाशांनी धडपड करून १९९७ मध्ये आपलं बेटच विकत घेतलं, आणि २००८ पासून ती माणसं वारा, ओढे आणि ऊन यांवर स्वतःची वीज चालवतात. एका घराने एका वेळी पाच किलोवॉटच्या वर ओढायचं नाही, असं त्यांचं ठरलेलं आहे. पाच म्हणजे पाच. हे वाचलं तेव्हा मला वाऱ्यावर फिरणारी पाती दिसलीच नाहीत, माझा पंप दिसला. बेटावर कुणाचीही कुठलीच गोष्ट नुसती त्याची एकट्याची नसते. हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगणारे सगळे धक्क्यावर बसलेले होते.

तुझ्या तक्त्यात ‘आपत्ती’समोर एका ॲपचं नाव आहे. असू दे, घे ते. पण इंडोनेशियातल्या सिमेलूए बेटाचं ऐक. २००४ ची त्सुनामी जिथून उठली तिथून ते अगदी जवळ. तिथल्या सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार माणसांपैकी त्या लाटेत सात दगावली. १९०७ मध्ये तशीच लाट आली होती, आणि तेव्हापासून म्हातारी माणसं नातवंडांना सांगत आली होती, की जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला तर काही न उचलता डोंगराकडे पळायचं. त्या लाटेला त्यांचा शब्द आहे, स्मोंग. तुझ्या बेटावरही असला एखादा शब्द असेल. मी सहा वर्षं राहून तो विचारला नाही.

भरती-ओहोटी मात्र मला पाठ होती. एका भरतीपासून दुसरी सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी, म्हणून रोज पाऊणएक तास पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती. पाहुणे आले की त्यांना हे सांगून मी भाव खायची. त्याचा अर्थ एका रात्री कळला.

तिसरं वर्ष होतं, अमावास्येनंतरचा दुसरा दिवस. काकांचं पोट दुपारपासून दुखत होतं, रात्री दहाला ते आडवे पडून कण्हायला लागले. अपेंडिक्स फुटलं होतं, ते नंतर कळलं. माझ्याकडे फक्त तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्याचा नंबर होता. तो ‘या’ एवढंच म्हणाला. काकांना घेऊन धक्क्यावर पोचलो तर तीसेक माणसं आधीच उभी, बॅटऱ्या घेऊन. मी कुणालाही बोलावलं नव्हतं. उधाणाची ओहोटी, पाणी पार तळाला गेलेलं, बोट धक्क्यापासून दोन माणसांच्या उंचीएवढी खाली. पायऱ्यांवर शेवाळ. स्ट्रेचर होतं, पण त्याचं कापड फाटलेलं. कुणीतरी म्हणालं, दार आणा. एक जण पळाला आणि डोक्यावर दार घेऊन आला, हिरवं, जुनं, कडीसकट. काकांना त्यावर दोराने बांधलं. चौघांनी वरून दोर सोडत नेला, दोघांनी खाली बोटीत झेललं. ती कडी धक्क्याच्या दगडांवर आपटत खाली गेली, टण, टण, टण. बाकी कुणाचा आवाज नाही.

काका वाचले. दार त्या बोटीतच राहिलं. कुणाचं होतं ते मी विचारलं नाही. त्या रात्री एक घर दाराशिवाय झोपलं, एवढं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं.

परतल्यावर मी काय केलं, सांगू? सगळ्यांसाठी भेटवस्तू मागवल्या, बाहेरून, खोक्यांत बांधून. ती खोकी धक्क्यावरून माझ्या घरापर्यंत त्याच माणसांनी वाहून आणली. मग ती मी त्यांना वाटली. त्या तीसांपैकी चौघांची नावं मला येत होती.

दक्षिण अटलांटिकमधलं ट्रिस्टन दा कुन्हा तू नकाशावर बघितलं असशील. १९६१ मध्ये तिथं ज्वालामुखी फुटला आणि बेटावरच्या सगळ्या, म्हणजे अडीचशेच्या वर, माणसांना इंग्लंडला नेलं. तिथं दिवे, नोकऱ्या, दवाखाने, सगळं होतं. मग त्यांनीच मतदान घेतलं. परत जायच्या बाजूने १४८ मतं, विरुद्ध पाच. होड्या ओढून ठेवायच्या पुळणी लाव्ह्याने गिळल्या होत्या, तरी बहुतेक सगळे १९६३ मध्ये परतले. पुढं तिथं छोटं बंदर झालं. त्याला नाव दिलं कॅलशॉट, इंग्लंडमध्ये त्यांनी दिवस काढले त्या जागेचं. माझ्यावर तशी वेळ आली असती तर माझं मत त्या पाचांत पडलं असतं. मी त्या पाचांना नावं ठेवत नाही. त्यांचीही कारणं असतील.

माझीही होती. सहाव्या वर्षी घर विकलं. काकांना दवाखाना जवळ हवा होता. खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्यांपासून पत्र्यापर्यंत सगळं दर वर्षी बदलावं लागत होतं. भाव चांगला आला, कुणीही विकलं असतं. बेटावरचाच एक जण आला होता, म्हणाला, तीन महिने थांबाल तर मी जमवतो. मी थांबले नाही. घेणारा बाहेरचा होता, त्याने सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने द्यायला घेतलं. तीन महिने काही फार नव्हते, पण काकांची तब्येत, आणि रोख पैसे समोर... असो. तू पुन्हा गेलीस की अंधार पडल्यावर त्या रांगेतून चालत जा आणि हंगाम नसताना किती घरांत दिवा दिसतो ते मोज. मी मोजायला गेलेली नाही.

‘मी तिथं परकीच राहीन का?’ असं विचारलंयस. राहशील. पुढचा प्रश्न विचार. मी सहा वर्षांनी परकी होते, तू वीस वर्षांनी जराशी कमी परकी असशील. त्याने काही अडत नाही. दोर धरायला परका हातही चालतो, फक्त तो त्या वेळी तिथं असावा लागतो.

तेव्हा आत्ता घराचा करार करू नकोस. आगाऊ रक्कमही देऊ नकोस, मालक कितीही घाई करो. सुट्टीवाले निघून गेले की वाऱ्यापावसाच्या दिवसांत जा, जेव्हा बोट सलग दोन-तीन दिवस लागतच नाही. धक्क्याजवळ खोली घे, अंधारी असली तरी चालेल. चौथ्या दिवशी बोट दिसते तेव्हा माणसांचे चेहरे कसे होतात ते बघ. आपला चेहराही तसाच होतो का ते बघ. डॉक्टरला दहापैकी किती गुण द्यायचे ते नंतर ठरव, आधी रात्री बोट कोण काढतो ते विचार. आणि तो तक्ता फाडून टाक. चिडले नाहीये मी. म्हणजे चिडलेय, पण तुझ्यावर नाही.

जायचं की नाही ते मी सांगणार नाही. मला तो हक्क उरला असं वाटत नाही.

गेलीस तर एक काम मात्र कर. धक्क्यावर दोर बांधायचे खुंटे आहेत, त्यातल्या शेवटच्या खुंट्यापाशी म्हातारी माणसं बसतात. पहिल्या दिवशी नको, आठवडाभर बसून झाल्यावर विचार, की एकदा रात्री पोट फुटलेल्या माणसाला दारावर बांधून उतरवला होता, ते दार कुणाच्या घरचं? हिरवा रंग, खालची एक फळी बदललेली, कडी डावीकडे. माझं नाव आधी सांगू नकोस. घर कळलं की मला फोन कर, रात्र असली तरी.

तुझी
मावशी