फोन, टॅब आणि प्रयोगशाळेतला संगणक : पायथन शिकणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : मी बसमध्ये फोनवर, घरी भावाच्या टॅबवर आणि महाविद्यालयात प्रयोगशाळेच्या संगणकावर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा सराव करते. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवते. आता ‘हिशेब’, ‘हिशेब नवा’ आणि ‘हिशेब नवा खरा’ अशा तीन फाइल झाल्या असून कोणती खरी ते मलाच कळत नाही. काय करावे?

उत्तर : तुमची अडचण उपकरणे तीन असण्याची नसून कोडला एक घर नसण्याची आहे. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर, एक खाजगी रिपॉझिटरी (प्रकल्पाचा साठा) उघडा आणि प्रत्येक उपकरणावर तिची प्रत (क्लोन) घ्या. त्यानंतर शिस्त एवढीच, की कामाला बसताच आधी ‘पुल’ करायचे (गिटहबवरचे ताजे बदल उतरवायचे) आणि उठताना ‘कमिट’ करून (बदलांची नोंद करून) ‘पुश’ करायचे (ते गिटहबवर पाठवायचे), मग काम अर्धवट असले तरी चालेल. मी स्वतः एकदा घाईत पुश करायचे विसरलो आणि तीच दुरुस्ती रात्री दुसऱ्यांदा केली. तेव्हापासून अर्धवट कमिटची लाज वाटेनाशी झाली. एकच ओळ दोन्हीकडे वेगवेगळी बदलली असेल, तर गिट (बदलांची नोंद ठेवणारे, गिटहबमागचे साधन) परस्पर निवाडा करत नाही. दोन्ही रूपे खुणांसह फाइलमध्ये ठेवते आणि निवड तुमच्यावर सोडते. गोंधळून न जाता नको ते रूप आणि खुणा पुसाव्यात व पुन्हा कमिट करावे.

पुश करताना खात्याचा पासवर्ड देऊन उपयोग नाही, कारण १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब तो या कामासाठी स्वीकारत नाही; त्याऐवजी टोकन (गिटहबवरून मिळणारी लांब सांकेतिक ओळ) किंवा एसएसएच की (उपकरणावर ठेवलेली ओळख पटवणारी फाइल) लागते. प्रयोगशाळेच्या संगणकावर मात्र टोकन साठवून ठेवू नका, तिथे तुमच्यानंतर दुसरे कोणीतरी बसणार असते.

प्रश्न : संगणकावर चालणारी ओळ आयपॅडवर टंकली, की ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर’ अशी त्रुटी येते. अक्षर न् अक्षर ताडून पाहिले, फरक दिसत नाही.

उत्तर : फरक अवतरणचिन्हांत असणार. आयपॅडचा कीबोर्ड सरळ चिन्हांची आपणहून वळणदार चिन्हे करतो. पत्रात ती शोभतात, पायथनला चालत नाहीत. सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात कीबोर्ड आणि तिथे ‘स्मार्ट पंक्च्युएशन’ बंद करा. ओळीचे पहिले अक्षर आपोआप मोठे होणेही बंद करावे, नाहीतर मोठ्या ‘पी’ने सुरू होणारा ‘प्रिंट’ पायथन ओळखणार नाही.

मराठी कीबोर्ड चालू राहिला तरी हीच त्रुटी येते, आणि तिथे एक गंमत आहे. पायथन ३ मध्ये ‘वय’ हे चलाचे (व्हेरिएबलचे) नाव म्हणून चालते, पण त्याची किंमत म्हणून थेट देवनागरी २० लिहिले तर चालत नाही. तेच २० अवतरणात घालून पायथनच्या ‘इंट’ या फंक्शनला दिले, तर ते निमूटपणे त्याची संख्या करून देतो. म्हणजे तुमचा प्रोग्रॅम वापरणाऱ्याने मराठी आकडे टंकले तरी बिघडत नाही. कोड लिहिणाऱ्याला मात्र ती मुभा नाही.

प्रश्न : अँड्रॉइडवर टर्मक्समध्ये (फोनवर लिनक्ससारख्या आज्ञा चालवणारे अ‍ॅप), फोनच्या डाउनलोड्स फोल्डरात व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रकल्पापुरती पायथनची वेगळी मांडणी) तयार होत नाही.

उत्तर : होणारही नाही. त्या सामायिक साठवणीत सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइल) करता येत नाहीत आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटला त्या लागतात. प्रकल्प टर्मक्सच्या होम फोल्डरात ठेवा. मात्र टर्मक्स काढून टाकले, की होम फोल्डरही जातो, म्हणून पुश केल्याखेरीज अ‍ॅपला हात लावू नका. नमपाय या गणिती लायब्ररीसाठी ‘पिप’शी (पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाशी) झगडत बसण्यापेक्षा टर्मक्सचे स्वतःचे तयार पॅकेज घ्यावे.

प्रश्न : लॅपटॉप नाही. नुसत्या फोनवर शिकता येईल का?

उत्तर : येईल. इंटरनेट नसताना पायड्रॉइड ३ हे अँड्रॉइडवरचे पायथनचे अ‍ॅप पुरते. जड कामाला गूगल कोलॅब आहे, त्यात कोड ब्राउझरमधून गूगलच्या संगणकावर चालतो. तिथे नोटबुक (कोडची फाइल) गूगल ड्राइव्हवर राहते, पण चालू सत्रात तयार झालेल्या फाइल सत्र संपताच जातात, त्या आधीच उतरवून घ्याव्यात. पैसे खर्च करायचेच असतील, तर पहिली खरेदी साध्या ब्लूटूथ कीबोर्डची करा. पायथनमध्ये ओळी आत सरकवण्यासाठी काचेवर बोटाने चार-चार स्पेस मोजत बसण्याचा कंटाळा शिकण्याच्या आड येतो.