प्रबंधाचे प्रकरण आणि पत्रिकेतला लेख

प्रश्न : इतिहास विषयातील माझा पीएच.डी.चा प्रबंध नुकताच मान्य झाला. त्यातील तिसरे प्रकरण मी एका संशोधनपत्रिकेकडे पाठवले असता संपादकांनी ते परीक्षकांकडे न धाडता आठवड्याभरात परत केले. 'हे प्रबंधातील प्रकरण आहे, लेख नव्हे', एवढाच शेरा होता. प्रकरण १८,००० शब्दांचे आहे. ते निम्म्यावर आणून पुन्हा पाठवावे का?

उत्तर : निम्म्यावर आणावे लागेलच, कारण मानव्यविद्यांतील बऱ्याच पत्रिका ७,००० ते १०,००० शब्दांपलीकडचा मजकूर घेत नाहीत आणि अनेक ठिकाणी तळटीपाही त्या मोजणीत धरल्या जातात. परंतु संपादकांचा आक्षेप लांबीवर नाही. प्रबंध वाचणे परीक्षकाला भागच असते, आणि त्या क्षेत्रातील आधीचे सारे लेखन आपण वाचले आहे हे त्याला दाखवून देणे हे प्रबंधकाराचे एक कामच असते. पत्रिकेच्या वाचकावर तशी सक्ती नसते; पहिल्या दोन पानांत लेखकाचे म्हणणे काय ते कळले नाही, तर तो पुढच्या लेखाकडे वळतो. शिवाय तुमच्या तिसऱ्या प्रकरणाला आधीच्या दोन प्रकरणांचा टेकू आहे, आणि तो काढल्यावर ते स्वतःच्या पायांवर उभे राहते का, हाच संपादकांचा खरा प्रश्न आहे.

माझा सल्ला असा, की प्रकरणाची फाईल बंद करावी आणि कोऱ्या कागदावर तीन वाक्ये लिहावीत : या प्रश्नाविषयी आजवर काय मानले जात आले, तुमच्या साधनांतून काय वेगळे दिसते, आणि ते खरे मानल्यास आणखी कशाचा फेरविचार करावा लागतो. समजा, तुमचे प्रकरण एका घराण्यातील स्त्रियांच्या पत्रव्यवहारावर आहे. त्यात पत्रांची संख्या, कागद, लिपी, कालनिश्चिती, मजकुराचे विषय असे सगळे येते, आणि प्रबंधात ते यायलाही हवे. लेखाला मात्र एकच धागा पुरतो. उदाहरणार्थ, ही पत्रे बहुतांशी लेखनिकाच्या हातची आहेत, मायन्यापासून गाऱ्हाण्यापर्यंतची शब्दयोजना ठरावीक आहे, आणि म्हणून अभ्यासक ज्याला त्या स्त्रियांचा 'आवाज' म्हणत आले, तो निदान अंशतः लेखनिकाच्या हातवळणाचा भाग आहे. हे विधान एकदा हाती आले की कागदाविषयीची सहा पाने आपोआप गळतात. लेखनिक ओळखायला कागदाची मदत होत असेल, तर त्यांतला एखादा परिच्छेद तेवढा परत येतो. पूर्वसंशोधनाचा आढावाही तसाच आक्रसतो आणि ज्यांच्याशी तुमचा मतभेद आहे किंवा ज्यांच्या कामावर तुमचे विधान आधारलेले आहे, तेवढेच अभ्यासक त्यात उरतात. ती तीन वाक्ये लिहिताच येत नसतील, तर लेख अजून तयार झालेला नाही. हे कडू वाटेल, पण संपादकांच्या पत्रातून कळण्याआधी स्वतःला कळलेले बरे.

गोषवारा सर्वांत शेवटी लिहावा, आणि तो सर्वांत जास्त वेळा लिहावा. परीक्षकांना निमंत्रण जाते तेव्हा त्यांच्यासमोर बहुधा शीर्षक आणि हा दीड-दोनशे शब्दांचा मजकूर एवढेच असते. लेख वाचायला घ्यायचा की नाही, हे ते त्यावरून ठरवतात. 'प्रस्तुत लेखात स्त्रियांच्या पत्रव्यवहाराची विविध अंगांनी चर्चा केली आहे' असली वाक्ये मी अनेक गोषवाऱ्यांत वाचली आहेत. त्यांतून विषय कळतो, निष्कर्ष कळत नाही. रहस्य शेवटपर्यंत राखणे कथेत शोभते. लेखकाने आपला निष्कर्ष गोषवाऱ्यातच सांगून टाकावा.

प्रश्न : संदर्भ शिकागो पद्धतीने, म्हणजे तळटीपांत, द्यावेत की एमएलए पद्धतीने, म्हणजे मजकुरातच कंसात? माझे मार्गदर्शक एक सांगतात आणि सहकारी दुसरे.

उत्तर : दोघांचेही ऐकू नये, पत्रिकेच्या लेखनसूचना पाहाव्यात आणि तिच्या ताज्या अंकातला एखादा लेख शेजारी ठेवून ताडून घ्यावे. इतिहासाच्या पत्रिका तळटीपांना चिकटून राहतात त्याला कारण आहे. दफ्तरातल्या एखाद्या कागदाला कर्ता नसतो, कधी सालही नसते; असा कागद कंसातल्या 'आडनाव, वर्ष' किंवा 'आडनाव, पृष्ठ' अशा चौकटीत मावत नाही आणि त्याचा रुमाल क्रमांक (तो ज्या गाठोड्यात आहे त्याचा क्रमांक), त्यावरची शंका, दुसऱ्या प्रतीतला पाठभेद हे सगळे तळटीपेत सुखाने राहते. पद्धतीची आवृत्तीही पाहावी. शिकागोच्या नियमपुस्तिकेची पहिली आवृत्ती १९०६ची आणि अठरावी २०२४ची. २०१७च्या सतराव्या आवृत्तीपासून तिथे 'इबिड'ऐवजी (म्हणजे 'आधीच्या टीपेतलाच संदर्भ') संक्षिप्त संदर्भाला पसंती आहे, तरीही जुन्या सवयीने कित्येक लेखक अजून पानोपानी 'इबिड' लिहितात.

प्रश्न : परीक्षकांना लेखकाचे नाव कळू नये, अशी पत्रिकेची अट आहे. मी पहिल्या पानावरचे नाव काढले आहे. तेवढे पुरेसे आहे का?

उत्तर : नाही. ऋणनिर्देश काढून ठेवावा. 'माझ्या आधीच्या लेखात मी दाखवल्याप्रमाणे' अशी वाक्ये तृतीय पुरुषी करावीत आणि स्वतःच्या लेखनाचा उल्लेख इतर अभ्यासकांच्या उल्लेखासारखाच करावा. तो समूळ गाळला, तर त्या विषयावरचे ठळक लेखन सूचीत नाही एवढ्यावरूनच जाणकार परीक्षक लेखक ओळखतो. फाईलच्या गुणधर्मांत आणि दुरुस्त्यांच्या नोंदींतही नाव दडलेले असते. मी स्वतः एकदा नाव सगळीकडून पुसून लेख पाठवला होता, पण फाईलचेच नाव माझ्या आडनावाने सुरू होत होते.

प्रश्न : निर्णयाला महिनोन्‌महिने लागतात. तोच लेख एकाच वेळी दोन पत्रिकांकडे पाठवला तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. लेख अन्यत्र विचाराधीन नाही, अशी लेखी हमी बहुतेक पत्रिका मागतात, आणि लहान क्षेत्रात दोन्हीकडचा परीक्षक एकच निघण्याची शक्यता मोठी असते. तीन-चार महिन्यांनी संपादकांना दोन ओळींचे पत्र लिहून विचारणा करण्यात गैर काही नाही. त्याहून जास्त थांबणे शक्य नसेल, तर लेख रीतसर मागे घेऊन मगच दुसरीकडे पाठवावा.

प्रश्न : माझ्या लेखावर दोन अहवाल आले आहेत. पहिले परीक्षक म्हणतात, सैद्धांतिक भाग वाढवा. दुसरे म्हणतात, तो पूर्ण काढा. संपादकांनी 'सुधारून पुन्हा पाठवा' एवढेच कळवले आहे.

उत्तर : पहिली गोष्ट, हा नकार नव्हे. मानव्यविद्यांत पहिल्या फेरीत दुरुस्तीविना स्वीकृती क्वचितच मिळते. अहवाल वाचून चार दिवस बाजूला ठेवावेत. पहिल्या दिवशी सुचलेली उत्तरे सहसा पाठवण्याजोगी नसतात.

परस्परविरोधी सूचनांमागे पुष्कळदा दुखणे एकच असते. तुमचा सैद्धांतिक भाग साधनांपासून तुटलेला असावा, असे मला वाटते. म्हणून एकाला तो अपुरा वाटला आणि दुसऱ्याला अनावश्यक. तो वेगळ्या विभागात न ठेवता पुराव्याच्या चर्चेत विरघळवला, तर दोघांचेही समाधान होण्याची शक्यता आहे. तसे नसेल, तर कोणाचे ऐकायचे हे आपण ठरवावे आणि संपादकांना आधीच तसे लिहून त्यांचा कौल घ्यावा. त्यांनाही ते सोयीचे असते.

सुधारित लेखासोबत उत्तराचे पत्र जोडावे. प्रत्येक सूचना उद्धृत करून तिच्याखाली काय बदलले आणि कोणत्या पानावर, हे लिहावे. जी सूचना मान्य नाही तिथे कारण साधनांच्या आधारे द्यावे. परीक्षकाचा गैरसमज झाला आहे असे कितीही वाटले, तरी 'परीक्षकांनी नीट वाचलेले नाही' असे लिहू नये. 'हा मुद्दा पुरेसा स्पष्ट नव्हता, म्हणून पृष्ठ १४ वरील परिच्छेद नव्याने लिहिला आहे' असे लिहावे आणि तो परिच्छेद खरोखरच नव्याने लिहावा.