ध्यानानं जुनं दुखणं जातं का? माझा खांदा आणि माझा दादा

तुमचा प्रश्न असा: आठ महिने कंबर दुखतेय, एमआरआयमध्ये डिस्क जराशी फुगलेली आहे, घरचे म्हणतात टेन्शनमुळे आहे, ध्यानाला बस. भावनांचा आणि दुखण्याचा खरंच संबंध असतो का?

असतो. पण मी लिहायला बसले ते "घरचे म्हणतात" वाचून.

मी इंदूरची. लोकमान्य नगरात घरी गणिताच्या शिकवण्या घेते. आईला अर्धांगवायू झाला, त्यानंतर साडेतीन वर्षं तिला पलंगावरून कमोडच्या खुर्चीवर आणि खुर्चीवरून पलंगावर मीच घेत होते, दिवसातून पाच-सहा वेळा. आई चांगली सत्तर किलोची. त्या साडेतीन वर्षांत माझा खांदा एकदाही दुखला नाही. आई गेली, तेरावं झालं, पुण्याहून आलेला दादा परत निघाला आणि चहा पिता पिता म्हणाला, "तुझं बरं होतं गं, तू घरातच होतीस."

तीनेक आठवड्यांनी उजवा खांदा धरला. हात वर जाईना. मॅडमची गणितं हल्ली फळ्याच्या मध्यापासून सुरू होतात, हे आधी मुलांच्या लक्षात आलं. डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "उम्र है मैडम, और टेंशन मत लिया करो।" दीड वर्ष गोळ्या, शेक, मालिश. दादा फोनवर म्हणाला, "ते मनाचं आहे तुझं. दहा दिवस विपश्यनेला बस, जाईल." तो दरवर्षी इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात जातो.

त्याला खोटं पाडायचं म्हणून मी नाव घातलं. पहाटे चारला घंटा, दिवसभर मौन, संध्याकाळी चहाबरोबर मुरमुरे आणि एखादं फळ. (इंदूरच्या माणसाला दहा दिवस शेवेशिवाय ठेवणं हीच खरी तपश्चर्या.) चौथ्या दिवसापासून तास तास न हलता बसायचं असतं. अर्ध्या तासात खांदा पेटला. दुखतंय, दुखतंय म्हणत बसले होते, तेवढ्यात कुठूनसं ते वाक्य आलं, "तू घरातच होतीस." आणि मला जाणवलं की माझा उजवा खांदा हळूहळू कानाकडे सरकतोय. दातांवर दात घट्ट बसलेत. मी खांदा खाली सोडला. दोन मिनिटांनी पाहते तर पुन्हा वर. त्या एका तासात दहा वेळा तरी उतरवला असेल. म्हणजे एरवी दिवसभर हे चाललेलं असणार, आणि मला पत्ताच नाही!

दुखणं गेलं का? नाही. अकराव्या दिवशी बॅग डाव्याच हातात होती. पण हात उचलायच्या आधीच जो धसका बसायचा तो कमी झाला, त्यामुळे फिजिओथेरपीचे व्यायाम जमायला लागले. खिडकीच्या गजाला रबर बांधून रोज वीस मिनिटं. पाच-सहा महिन्यांनी फळ्याच्या वरच्या ओळीत लिहिलं.

दादा म्हणतो, "बघ, मी सांगितलं होतं." इथे माझं डोकं फिरतं. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या जागतिक संघटनेनं १९७९ सालीच व्याख्या केली की वेदना हा शरीराचा आणि भावनेचा मिळूनच अनुभव असतो. मग दादाची दाढ दुखते तेव्हा तीही मनाचीच, नाही का? तेव्हा मात्र डेंटिस्ट लागतो. दुखणं तीन महिन्यांपुढे गेलं की नसा-मेंदूचं दुधानं तोंड पोळल्यासारखं होतं, ताकही फुंकून प्यायला लागतात. राग, काळजी, अपुरी झोप यांनी ते आणखी हळवे होतात. त्या दुखण्यात नाटक नसतं.

आणि ज्यांनी ही विपश्यनेची शिबिरं भारतात सुरू केली, ज्यांचं नाव दादा घेतो, त्या गोयंकाजींचीच गोष्ट घ्या. १९५५ साली ते अर्धशिशीनं हैराण होऊन ब्रह्मदेशात विपश्यना शिकवणाऱ्या ऊ बा खिन यांच्याकडे गेले. केवळ डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका, असं गुरूंनी त्यांना आधी बजावलं होतं. दादा मला नेमकं त्याचसाठी पाठवत होता.

आकडे हवे असतील तर २०१६ साली अमेरिकेत जुनी कंबरदुखी असलेल्या ३४२ जणांवर अभ्यास झाला. सहा महिन्यांनी रोजची हालचाल बऱ्यापैकी सुधारलेले लोक ध्यानाच्या गटात ६०.५ टक्के, विचार-वर्तनाच्या समुपदेशनाच्या गटात ५७.७ आणि नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्यांत ४४.१. फायदा आहे, चमत्कार नाही, आणि जवळपास तेवढंच काम नीट बोलूनही होतं. माझ्याशी कोण बोललं होतं?

तुमच्या एमआरआयबद्दल फार घाबरू नका. कंबर अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांतही ३० टक्क्यांची डिस्क फुगलेली दिसते, पन्नाशीत ६० टक्क्यांची. रोज वीस मिनिटं बसा, चाला, व्यायाम सोडू नका. आणि घरचे "टेन्शन" म्हणाले की त्यांच्या हातात घरातलं एक काम द्या, कायमचं.

हे आधी लिहायला हवं होतं: पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा वाढतोय, लघवी-संडासवरचा ताबा सुटतोय, ताप येतोय, वजन उतरतंय, यातलं काहीही असेल तर ध्यानबिन बाजूला, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चालू गोळ्या मनानं बंद करू नका. नैराश्याचा वगैरे त्रास झालेला असेल तर शिबिराच्या फॉर्मवर खरं लिहा, दहा दिवसांचं मौन प्रत्येकाला झेपत नाही.

दादा, तू इथे वाचतोस हे मला माहीत आहे. आईची कमोडची खुर्ची अजून माझ्या गच्चीवर पडली आहे. पुढच्या खेपेला येशील तेव्हा घेऊन जा, जिना उतरताना मी धरायला येणार नाही.