तुमचा प्रश्न, आमचं उत्तर

प्रश्न : मुलाला घेऊन गिरगाव चौपाटीला गेले होते. ‘हा रस्ता आधीपासून होता का?’ असं त्याने विचारलं. काय सांगू? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, मरीन ड्राइव्हचा हा रस्ता आधी नव्हता म्हणून सांगा. मी गिरगावातल्या चाळीत वाढले. चर्नी रोडच्या रुळांलगतच समुद्र होता, असं आजी सांगायची. बॅकबे म्हणजे इथल्या उपसागरात भराव घालून मरीन ड्राइव्ह उभा राहिला. कामाला सुरुवात झाली १९१५ साली. पुढे तीसच्या दशकात गोलाकार गच्च्यांच्या आर्ट डेको या त्या काळच्या वास्तुशैलीतल्या इमारती आल्या. २०१८ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं, याचा मला फार आनंद आहे.

वाळू मात्र जुनी. मुलाला लोकमान्यांच्या पुतळ्याजवळ जरूर न्या. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले आणि भर पावसात इथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. अशी परवानगी एरवी मिळत नसे. तिथे उभं राहिलं की अजून माझा गळा दाटतो.

पुढच्या खेपेला भरतीची वेळ बघून जा. कठड्यावर हात ठेवा, तळहाताला मिठाचा चिकट थर लागतो. खाली चार पायांचे काँक्रीटचे टेट्रापॉड दिसतील. लाटा त्यांच्या फटींत शिरून फुटतात, म्हणून भिंतीवरचा मारा कमी होतो. पावसाळ्यात मात्र लांबूनच दाखवा. दिवे लागेपर्यंत थांबा, चणे-शेंगदाण्यांची पुडी घ्या.