आदल्या दिवशीचे पाणी ओतून द्यावे का?

वाचकांचे प्रश्न : पाणी आणि आपण

प्रश्न : आम्ही लालबागच्या जुन्या चाळीत राहतो. पहाटे नळाला पाणी आले की सासूबाई हंडा-कळशीत उरलेले आदल्या दिवशीचे पाणी मोरीत ओततात, भांडी घासतात आणि ताजे पाणी भरून ठेवतात. शिळ्या पाण्याने पोट बिघडते, असे त्यांचे म्हणणे आहे. एवढे स्वच्छ पाणी वाहून जाताना पाहून जीव तुटतो, परंतु त्यांचे मनही मोडवत नाही. काय करावे?
— एक गृहिणी, लालबाग

उत्तर : सासूबाईंचा निम्मा आग्रह अगदी योग्य आहे. पिण्याच्या पाण्याचे भांडे रोज घासलेच पाहिजे आणि ही सवय घरातील धाकट्यांनीही उचलावी. पाणी मात्र एका रात्रीत नासत नाही. पालिका शुद्धीकरण केंद्रात पाण्यात क्लोरिन मिसळते, त्यामुळे स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेले पाणी दुसऱ्या दिवशीही पिण्याजोगे असते. ते बिघडते ते बहुधा आपल्या हातांनी. तांब्या किंवा पेला हंड्यात बुडवताना बोटे पाण्याला लागतात, मुले उष्टा पेला पुन्हा बुडवतात, झाकण अर्धवट राहते, आणि दोष मात्र पाण्याला लागतो. लांब दांड्याचे ओगराळे वापरावे किंवा खाली तोटी असलेले पिंप घ्यावे, म्हणजे ही भीती बरीचशी दूर होते. पावसाळ्यात पाणी गढूळ आले तर ते गाळून, उकळूनच प्यावे. नळाला पाणी नसते तेव्हा वाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि जुन्या, चिरलेल्या वाहिनीत बाहेरचे घाण पाणी शिरू शकते. म्हणून पाणी आल्यावर पहिली बादली वेगळी भरून धुण्याकडे वळवावी.

एवढे सांगूनही सासूबाईंना ते पाणी पिणे पटले नाही, तर वाद घालू नये. पाणी मोरीत न ओतता बादलीत ओतावे. भांड्यांचा पहिला हात, लादी पुसणे आणि संडासला न्यायची बादली यांत ते दुपारपर्यंत सहज संपते. धुण्याच्या पाण्याचे मोठे पिंप मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करून, आतून घासून कोरडे केले पाहिजे, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्याच्या काठाशी अंडी घालतो. ते पिंप कपडे धुण्याच्या दिवशीच उपसावे, म्हणजे पाणी वाया जात नाही.

प्रश्न : आमच्याकडे पालिकेचेच पाणी येते, तरी सर्वांनी बसवले म्हणून आम्हीही आरओ यंत्र बसवले. त्याच्या नळीतून सतत पाणी सिंकमध्ये जाते. हे योग्य आहे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : नाही, आणि हे स्पष्ट सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. आरओ यंत्राचे मुख्य काम पाण्यातील विरघळलेले क्षार काढण्याचे आहे. पिण्याच्या पाण्यात क्षारांचे प्रमाण लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावे, असे भारतीय मानक सांगते, आणि मुंबईला मिळणारे तलावांचे पाणी त्याच्या कितीतरी खाली आहे. जे पाणी मुळातच गोडे आहे, ते गोडे करण्यासाठी एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी आपण गटारात सोडतो. यंत्राच्या नळीखाली बादली ठेवून पाहावे. ती किती लवकर भरते, हे पाहिल्यावर दुसऱ्या कोणी पटवून देण्याची गरज उरणार नाही. जंतूंची शंका असेल तर साधी गाळणी आणि यूव्ही यंत्र (अतिनील किरणांनी जंतू मारणारे) किंवा उकळणे पुरेसे आहे. बोअरवेलचे किंवा टँकरचे खारे पाणी प्यावे लागत असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे आरओ लागू शकतो, परंतु नळीतून वाहणारे पाणी साठवून फरशी आणि संडास यांसाठी वापरावे.

प्रश्न : मुंबईत एवढा पाऊस पडतो, रस्ते तुंबतात, तरीही पाणीकपात का होते?
— एक ज्येष्ठ नागरिक, बोरिवली

उत्तर : शहरावर वर्षाला 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, परंतु त्यातील बहुतेक पाणी नाल्यांतून समुद्रात जाते. आपल्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच शहरात आहेत आणि एकूण साठ्यात त्यांचा वाटा जेमतेम अडीच टक्के आहे. सातही तलाव काठोकाठ भरले तर सुमारे 14.47 लाख दशलक्ष लिटर पाणी साठते, आणि रोजचा पुरवठा सुमारे 3900 दशलक्ष लिटर आहे. भागाकार केल्यास जेमतेम एका वर्षाचे पाणी हाती येते. बाष्पीभवन त्यातूनच वजा होते. म्हणून जून कोरडा गेला की कपात अटळ होते. 2024 मध्ये जूनच्या आरंभी लागू झालेली 10 टक्के कपात जुलैच्या अखेरीस, तलाव भरू लागल्यावरच, मागे घेण्यात आली.

यातील सर्वांत बोचणारी गोष्ट मुंबईकरांना क्वचितच ठाऊक असते. भातसा, तानसा आणि मोडक सागर ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते.

आपल्या सोसायटीपुरते बोलायचे तर गच्चीचा हिशेब मांडून पाहावा. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. 300 चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षभरात सहा लाख लिटर पडते. साठवण्याची जागा बेताची असली, तरी जून ते सप्टेंबर या काळात फ्लश, गाड्या आणि जिना धुणे यांसाठी तलावाचे पाणी वापरण्याची गरज फारशी उरत नाही. मेअखेरीस गच्ची झाडून घ्यावी, पन्हाळी साफ कराव्यात, पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्यावे आणि त्यानंतरचे गाळून टाकीत घ्यावे. याच वेळी वॉचमनबरोबर गच्चीवर जाऊन टाकीचा बॉलकॉक, म्हणजे टाकी भरल्यावर पाणी बंद करणारा तरंगता नळ, नीट बसतो की नाही, हेही पाहून घ्यावे.